आघाडीवरचा सेनानी

साताऱ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांमागून रांगा उभ्या आहेत. त्यांच्या उतारावर व पायथ्याशी लहान लहान वाड्या वसलेल्या दिसतात. पावसाळ्यात हा सारा मुलूख हिरवागार असतो. परंतु शेतीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडे फार. पूर्वेकडे जावे, तर माण, खटाव, आटपाडी आणि जत हे तालुके लागतात. तेथे जमीन विस्तीर्ण आहे, पण पाऊस रुसलेला. पश्चिमेस जमीन अपुरी आणि पूर्वेस पाणी अपुरे, अशा या प्रदेशातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या एक मुलगा शेतावर ठेवला व दुसरा लष्करात धाडला. पोटाची सोय हे त्याचे एक कारण खरे. पण तेवढेच कारण असते, तर ही परंपरा इतकी टिकली नसती. घरातील एक तरी माणूस सैन्यात असावा याचा येथील लोकांस अभिमान वाटतो.

साताऱ्याजवळच अपशिंगे नावाचे एक गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ सैनिक धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारलेले आहे. सैन्यात जाण्याची प्रथा तेथे पुढेही अखंड चालू राहिली आणि लोक त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणू लागले.

सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी पूर्वी त्यांचा मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे वेगळे झाले, तरी सैनिकी परंपरा समाईकच राहिली. बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटमध्ये सातारा, सांगली व कोल्हापूर येथील जवान मोठ्या संख्येने आढळतात. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही या रेजिमेंटची युद्धगर्जना आहे.

अशा या मुलखात सातारा तालुक्यातील पोगरवाडी या गावी १५ जानेवारी १९७७ रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव संतोष. त्याचे जन्मकुळ घोरपड्यांचे. पुढे तो महाडिकांच्या घरी दत्तक गेला आणि संतोष यशवंत महाडिक या नावाने ओळखला जाऊ लागला.

संतोषला शिक्षणासाठी सातारा येथील सैनिक शाळेत घालण्यात आले. या शाळेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ब्रिटिशांच्या काळात सैन्यातील अधिकारपदे बहुधा संस्थानिकांच्या, जमीनदारांच्या व सुखवस्तू शहरी कुटुंबांतील मुलांना मिळत. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा शिपाई म्हणून भरती होई व फार तर सुभेदार होऊन निवृत्त होई. लढण्यात तो कोणासही हार जाणारा नव्हता. पण अधिकारी होण्यासाठी लागणारे शिक्षण त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हते. ही उणीव भरून काढण्याकरिता स्वातंत्र्यानंतर सैनिक शाळांची योजना आखण्यात आली. देशातील पहिली सैनिक शाळा कोठे निघावी? ती साताऱ्यास निघाली. २३ जून १९६१ हा तिचा स्थापनादिन. अपशिंग्यासारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, त्याची ही निवड योग्यच म्हणावी लागेल.

सैनिक शाळेतील दिवस पहाटे सुरू होतो. कवायत, व्यायाम, वर्ग, खेळ, अभ्यास अशी सारी कामे घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. कपड्यांची घडी, बुटांची चकाकी, अंथरुणाची नीटनेटकी मांडणी यांतही कोणाची हयगय खपवून घेतली जात नाही. घर सोडून आलेल्या लहान मुलास आरंभी हे जड जाते. संतोष मात्र या जीवनात रमला. मैदानी खेळांची त्याला विशेष आवड होती. फुटबॉलमध्ये तो गोलरक्षक म्हणून खेळे. गोलरक्षकाचे काम मोठे चमत्कारिक असते. गोल करणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात. गोलरक्षकाची आठवण लोकांना होते ती बहुधा तो चुकला म्हणजे! सारे मैदान त्याच्या दृष्टीपुढे असते, आणि आपल्या मागे दुसरा कोणी नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

शालेय शिक्षण संपवून व लष्करी प्रशिक्षण पुरे करून संतोष महाडिक सैन्यात अधिकारी झाले. २१ पॅरा या विशेष दलात त्यांनी सेवा केली. ‘पॅरा’ म्हणजे हवाई छत्रीच्या साहाय्याने विमानातून उडी घेणारे सैनिक; पण विशेष दलांचे काम उडी घेण्यापुरते मर्यादित नसते. थोड्या माणसांनी, गुपचूप, शत्रूच्या अगदी जवळ जाऊन अवघड कामगिरी पार पाडावयाची, हे त्यांचे कार्य. त्यासाठी पाठीवर जड ओझे घेऊन मैलोगणती धावणे, उपाशीपोटी व झोपेविना दिवसच्या दिवस काढणे, काळोखात दिशा ओळखणे, अशा अनेक कसोट्यांतून जावे लागते. आपण होऊन या दलात येऊ इच्छिणाऱ्यांपैकी पुष्कळजण या कसोट्यांत गळून पडतात. जे टिकतात त्यांनाच किरमिजी रंगाची टोपी डोक्यावर घालण्याचा अधिकार मिळतो.

२१ पॅरा ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच होती. १९९६ साली तिचे विशेष दलात रूपांतर झाले. ‘वाघनख’ हे तिचे टोपणनाव. या पलटणीच्या वाट्यास प्रामुख्याने ईशान्य भारतातील कामगिऱ्या आल्या. तेथील जंगलात बारमाही ओल असते. गवत माणसाच्या डोक्यावर जाते, झाडांवरून जळवा अंगावर पडतात आणि दहा पावलांवरचे माणूस दिसत नाही. अशा जंगलात लपणाऱ्या सशस्त्र बंडखोरांविरुद्ध लष्कराने ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ ही मोहीम चालविली होती. या मोहिमेत दाखविलेल्या शौर्याबद्दल महाडिक यांना २००३ साली सेना पदक मिळाले. त्या वेळी त्यांचे वय केवळ सव्वीस वर्षांचे होते.

वर्षे गेली. पदे वाढत गेली. महाडिक कर्नल झाले आणि ४१ राष्ट्रीय रायफल्स या पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. राष्ट्रीय रायफल्स हे दल १९९० साली उभारण्यात आले. देशाच्या सीमेच्या आत घुसून हिंसाचार करणाऱ्यांशी लढण्यासाठी हे दल आहे. यातील अधिकारी व जवान सैन्याच्या निरनिराळ्या शाखांतून काही वर्षांपुरते येतात व मुदत संपली, की आपापल्या मूळ पलटणीत परत जातात. तथापि प्रत्येक पलटणीचे एखाद्या जुन्या रेजिमेंटशी नाते जोडलेले असते. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नाते मराठा लाइट इन्फंट्रीशी आहे. तेव्हा काश्मीरच्या डोंगरात, घरापासून रस्त्याने दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, कर्नल महाडिक यांच्या कानांवर पुन्हा कृष्णाकाठची बोली पडू लागली.

ही पलटण कुपवाडा जिल्ह्यात होती. कुपवाडा हा काश्मीर खोऱ्याच्या उत्तर टोकाचा जिल्हा. नियंत्रण रेषा येथून जवळच. जिल्ह्याच्या कडेने शमसाबरी पर्वताची उंच रांग गेली आहे. खाली अक्रोडांच्या बागा आणि भाताची शेते, वर देवदारांची व पाइनची घनदाट अरण्ये, आणि त्यांच्याही वर उघडे खडक व बर्फ, असे या भागाचे स्वरूप आहे. प्रवाशाचे डोळे येथे तृप्त होतात. परंतु ज्याला या अरण्यात लपलेल्या माणसाचा शोध घ्यावयाचा असतो, त्याला येथील प्रत्येक झाड संशयास्पद वाटते. एका मोठ्या शिळेआड तीन माणसे सहज दडतात. ओढ्याच्या खळखळाटात पावलांचा आवाज बुडून जातो. उन्हाळ्यात व पावसाळ्यात डोंगरातील खिंडी खुल्या असतात. हिवाळ्यात त्या बर्फाने बंद होतात. म्हणून खिंडी बंद होण्यापूर्वी सीमेपलीकडून शस्त्रधारी टोळ्या आत घुसण्याचा प्रयत्न करतात. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे महिने त्यामुळे तेथील सैनिकांस विशेष दक्षतेचे असतात.

या कामात सैनिकापुढे एक मोठी अडचण उभी राहते. रणांगणावर समोर शत्रू असतो, मागे आपले सैन्य असते, आणि मधल्या जागेत दुसरे कोणी नसते. कुपवाड्यासारख्या ठिकाणी मात्र सैनिकाच्या चारी बाजूंस आपलेच देशबांधव राहत असतात. तेथे शेतकरी पेरणी करतो, मुले शाळेला जातात, धनगर मेंढ्या हाकतो. त्यांच्यातच कोठेतरी, कधी धाकाने आश्रय मिळवून, शस्त्रधारी लपलेला असतो. त्याला गाठावे, परंतु शेतकऱ्याच्या केसालाही धक्का लागू देऊ नये, हे कसे साधावयाचे? बंदूक चालविण्यापेक्षा कोणत्या वेळी ती चालवावयाची नाही हे ओळखणे येथे अधिक कठीण असते. शिवाय गावकऱ्यांच्या मनात सैन्याविषयी भीती अथवा राग असेल, तर जंगलात अनोळखी माणसे आल्याची खबर कोण देणार?

कर्नल महाडिक यांना हे पुरते उमगले होते. बंदुकीने लढावयाचे ते शस्त्रधाऱ्यांशी. गावकऱ्यांचा विश्वास मात्र दुसऱ्याच मार्गाने मिळवावा लागेल, हे जाणून त्यांनी कुपवाड्यातील तरुणांकडे लक्ष दिले. लष्कराचा ‘सद्भावना’ नावाचा एक उपक्रम १९९८ पासून चालत आला आहे. त्यात शाळांना साहाय्य, वैद्यकीय शिबिरे, खेळांच्या स्पर्धा, मुलांच्या सहली अशी कामे केली जातात. कर्नल महाडिक यांनी अशा कामांत मनापासून भाग घेतला. तरुणांनी शिकावे, खेळावे, पर्यटनासारख्या उद्योगात शिरावे आणि हिंसेच्या वाटेस जाऊ नये, यासाठी ते झटत. साताऱ्याच्या मैदानावर गोल राखणाऱ्या या अधिकाऱ्याला काश्मीरमधील मुलांची खेळाची ओढ समजावून सांगण्याची गरज नव्हती. तेथील लोकांत ते मिसळत आणि लोकही त्यांना आपला माणूस मानू लागले होते. हे यश डोळ्यांत भरणारे नसते. त्यासाठी पदकही मिळत नाही. पण त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हे काम कोणत्याही चकमकीपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

आता कर्नल या पदाची जबाबदारी किती मोठी असते ते पाहू. पलटणीत सुमारे एक हजार जवान असतात. त्यांच्या कंपन्या असतात, कंपन्यांच्या प्लाटुनी असतात, आणि प्लाटुनीत दहा-दहा जवानांच्या तुकड्या असतात. तुकडीवर हवालदार, प्लाटुनीवर सुभेदार किंवा तरुण लेफ्टनंट, कंपनीवर मेजर, आणि या सर्वांवर एक कर्नल. जवानांचे अन्न, वस्त्र, औषध, रजा, शस्त्रे आणि त्यांची सुखदुःखे, या साऱ्यांचा अखेरचा जबाब त्याला द्यावा लागतो. शोधमोहीम निघाली, तर कर्नलने मागे ठाण्यात बसून नकाशावर खुणा कराव्यात व बिनतारी यंत्रावरून हुकूम द्यावेत, यात गैर असे काहीच नाही. उलट सेनापती पडला तर सेनेचे काय होईल, असाही प्रश्न विचारता येतो.

हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर हे खटाव तालुक्यातील भोसरे गावचे. १६७३ साली उमराणी येथे त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला कोंडले. हे उमराणी आज सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात आहे. खानाने गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. खान पुन्हा स्वराज्यावर उलटला, तेव्हा शिवाजी महाराजांनी आपल्या सरनोबतास कठोर शब्दांत जाब विचारला. तो शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरी येथे खान दृष्टीस पडताच मागच्या सैन्याची वाट न पाहता ते मोजक्या स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले व सर्वजण कामी आले. त्यांच्या पराक्रमापुढे मान लवते. परंतु एक तोलामोलाचा सेनापती त्या दिवशी स्वराज्याने गमावला आणि खान जिवंत राहिला, हेही विसरता येत नाही. त्यांच्या जागी कऱ्हाडजवळील तळबीडचे हंबीरराव मोहिते आले. त्यांनी सैन्य सावरले आणि पुढे कित्येक वर्षे विजय मिळविले. पण तेही अखेर १६८७ साली वाईजवळच्या लढाईत तोफेचा गोळा लागून आघाडीवरच पडले.

मग नायकाने पुढे असावे की मागे? याचे उत्तर प्रसंगाकडे पाहूनच द्यावे लागते. रागाच्या भरात पुढे धावणे वेगळे, आणि काम पुढे गेल्यावाचून होणारच नाही हे ओळखून पुढे जाणे वेगळे. जंगलातील शोधमोहिमेत मागे बसलेल्या अधिकाऱ्याला फारसे काही समजत नाही. झाडी इतकी दाट असते, की वीस जवानांची रांगही एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. कोठे पावलांचे ठसे आहेत, कोठे विझलेल्या शेकोटीची राख आहे, कोणत्या घळीतून पाखरे अचानक उडाली, हे जागेवर असणाऱ्यालाच कळते. घेरा कोठे आवळावा व कोठे सैल ठेवावा, याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. ज्या झुडपाआड मृत्यू दबा धरून बसलेला असू शकतो, त्या झुडपाकडे जवानाला जावयास सांगताना आपण स्वतः कोठे उभे आहोत, हे जवान पाहत असतो. विशेष दलात वाढलेल्या कर्नल महाडिक यांची शिस्त अशी, की अवघड कामावर अधिकाऱ्याने आपल्या माणसांबरोबरच जावे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यातील मनीगाहच्या जंगलात शस्त्रधारी घुसखोर असल्याचे कळले. लष्कराने व पोलिसांनी जंगलास घेरा घातला. शोध एका दिवसात संपण्यासारखा नव्हता. जंगल मोठे, चढण कठीण आणि थंडी कडाक्याची. अशा वेळी घेऱ्यातील जवानाला रात्रही उघड्यावर, शेकोटी न पेटविता काढावी लागते. कारण ज्योत दिसली, की गोळीला नेम मिळतो. घुसखोर जागा बदलत होते आणि जवान त्यांचा माग काढीत होते. दिवसांमागून दिवस गेले, तरी घेरा उठला नाही.

घेरा चालू ठेवणे हीच मुळात एक परीक्षा असते. पहिल्या दिवशी सारेच सावध असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे जड होतात, पाय भरून येतात, आणि शत्रू कदाचित निसटलाही असेल, असा विचार मनात डोकावू लागतो. नेमकी हीच वेळ शत्रू शोधत असतो. जवानांची सावधता टिकवून धरणे हे नायकाचे काम, आणि ते दुरून होत नाही.

१७ नोव्हेंबर रोजी हाजी नाका या भागातील जंगलात शोध चालू होता. कर्नल महाडिक स्वतः जवानांचे नेतृत्व करीत पुढे जात होते. लपलेल्या शस्त्रधाऱ्यांनी गोळीबार सुरू केला. जंगलातील चकमक दुरून होत नाही. दोन्ही पक्षांत कित्येकदा थोड्याच पावलांचे अंतर असते. या चकमकीत कर्नल महाडिक यांना गोळ्या लागून ते अतिशय गंभीर जखमी झाले. त्यांना तातडीने लष्करी रुग्णालयात नेण्यात आले. डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली. परंतु त्याच दिवशी त्यांची प्राणज्योत मालवली. ते अवघे अडतीस वर्षांचे होते.

एक हजार जवानांचा प्रमुख अधिकारी शोधपथकाच्या पुढे असताना पडला, ही वार्ता देशभर पसरली. कुपवाड्यातही तिने दुःख पसरविले. ज्यांच्या मुलांसाठी ते झटले होते, त्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. ज्या प्रदेशात सैन्याचा गणवेश पाहून कित्येकजण मान फिरवीत, तेथे एका कर्नलसाठी लोकांचे डोळे पाणावले, ही त्यांनी केलेल्या कामाची खरी पोच होती.

१९ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांचे पार्थिव पोगरवाडीस आले. डोंगराच्या कुशीतील त्या लहानशा गावात माणसांचा महापूर लोटला. सातारा जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून लोक आले होते. निवृत्त सैनिक आपली पदके छातीवर लावून उभे होते. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर हेही अंत्यदर्शनास उपस्थित होते. बंदुकांच्या सलामीचा आवाज डोंगरात घुमला आणि लष्करी इतमामाने त्या वीरास अखेरचा निरोप देण्यात आला.

२६ जानेवारी २०१६ रोजी, प्रजासत्ताकदिनी, कर्नल संतोष महाडिक यांना मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झाले. प्रत्यक्ष युद्ध पुकारलेले नसताना दाखविलेल्या पराक्रमासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र अशी तीन चक्रे दिली जातात; त्यांपैकी हे तिसरे होय.

येथे ही कथा संपली असती, तर तीही सांगण्याजोगी होती. पण तिचा पुढचा भाग पोगरवाडीच्या चितेपासूनच सुरू होतो. कर्नल महाडिक यांच्या पत्नी स्वातीताई या शिक्षिका होत्या. पदरी दोन लहान मुले. अशा स्थितीत घराच्या चार भिंतींत दुःख कवटाळून त्या बसल्या असत्या, तरी कोणीही त्यांस नाव ठेवले नसते. परंतु पतीच्या अंत्यसंस्कारानंतर अल्पावधीतच त्यांनी आपला निश्चय बोलून दाखविला. आपणही सैन्यात जाणार!

निश्चय करणे एक आणि तो पार पाडणे दुसरे. सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेश मिळण्यास वयाची मर्यादा असते, आणि स्वातीताईंनी ती ओलांडलेली होती. त्यांच्यासाठी ती अट शिथिल करण्यात आली. मात्र सवलत मिळाली ती वयापुरतीच; परीक्षेत नव्हे. सैन्याची निवड मंडळे मनाचा, बुद्धीचा व शरीराचा कस पाहतात. इतर उमेदवारांप्रमाणे स्वातीताईंनाही त्या साऱ्या चाचण्या द्याव्या लागल्या. त्या उत्तीर्ण झाल्या. मुलांना निवासी शाळांत ठेवून त्या चेन्नई येथील अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत दाखल झाल्या.

तेथे त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या पुष्कळ मुली वयाने त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. पहाटेची धाव, दोरावरून चढणे, पाठीवर ओझे घेऊन लांबवर चालणे, बंदुकीचा नेम, नकाशावाचन आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास, हे सारे त्यांनी त्या मुलींच्या बरोबरीने केले. कालपर्यंत ज्यांनी वर्गात मुलांना शिस्त लावली, त्या आता पहाटे रांगेत उभ्या राहून निदेशकाचा हुकूम पाळीत होत्या. हे शिक्षण जवळजवळ अकरा महिने चालले.

९ सप्टेंबर २०१७ रोजी प्रबोधिनीच्या संचलनभूमीवर दीक्षांत संचलन झाले. वाद्यांच्या तालावर नवे अधिकारी पावले टाकीत पुढे आले. त्यांत लेफ्टनंट स्वाती महाडिक होत्या. सैन्याच्या ऑर्डनन्स कोअर या शाखेत त्यांची नेमणूक झाली. आघाडीवर लढणाऱ्या जवानाच्या हाती शस्त्र, दारूगोळा व कपडालत्ता वेळेवर पोहोचविणे, हे या शाखेचे काम. संचलन संपले. खांद्यांवर ताऱ्यांची चिन्हे चढली. प्रेक्षकांमध्ये त्यांची दोन्ही मुले बसली होती. आता त्यांच्या घरात सैन्याचा गणवेश पुन्हा आला होता.